खेळभर टिकणाऱ्या स्क्रिप्ट

गोडॉटमध्ये पहिला खेळ बनवणारा जवळजवळ प्रत्येक जण एका ठिकाणी अडतो. पहिली लेव्हल चालू झालेली असते, नाणी गोळा होतात, कोपऱ्यातला आकडा वाढतो. मग दुसरी लेव्हल तयार होते, दाराशी पोचलं की खेळाडू तिकडे जातो आणि आकडा शून्यावर येतो. कोडमध्ये ‘शून्य कर’ असं कुठेही लिहिलेलं नसतं. शोधाशोध सुरू होते, कोणीतरी सांगतं, ‘ऑटोलोड कर’. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये एक नोंद भरली जाते, आकडा टिकतो आणि प्रश्न सुटला असं वाटून मंडळी पुढे जातात.

ही पुस्तिका त्या एका नोंदीविषयी आहे. एवढ्याशा गोष्टीला पुस्तिका कशाला, असं कोणालाही वाटेल. पण शिकणाऱ्यांचे अर्धवट राहिलेले, गुंता झालेले, शेवटी सोडून दिलेले प्रोजेक्ट मी पाहत आलो आहे आणि त्यातल्या बऱ्याच गुंत्यांची दोरी याच नोंदीपाशी येऊन पोचते. ऑटोलोड करायला दोन मिनिटं लागतात. काय ऑटोलोड करायचं आणि काय नाही, हे ठरवायला मात्र खेळाचा सगळा आराखडा डोळ्यांसमोर असावा लागतो. शिकवण्यांत पहिली गोष्ट सांगितली जाते, दुसरी राहून जाते.

आधी इंजिनाची ओळख. गोडॉटचा जन्म अर्जेंटिनात, ब्यूनोस आयर्समध्ये झाला. हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सुर यांनी ते सुरुवातीला स्टुडिओच्या कामासाठी घडवलं आणि २०१४च्या फेब्रुवारीत एमआयटी परवान्याखाली सर्वांना खुलं केलं. नाव सॅम्युएल बेकेटच्या नाटकावरून घेतलेलं. परवाना खुला असल्याचा विद्यार्थ्याला होणारा फायदा फक्त पैशांचा नाही. इंजिनाचा सगळा कोड वाचता येतो, त्यामुळे इथे सांगितलेलं काहीही कोणालाही स्वतः पडताळून पाहता येईल आणि तसं ते पाहावं अशीच माझी इच्छा आहे.

गोडॉटची सगळी रचना नोड आणि सीन या दोन कल्पनांवर उभी आहे. नोड हा सर्वांत लहान घटक: एक चित्र, एक आवाज, एक टायमर, एक बटण. नोड एकमेकांखाली जोडले की झाड तयार होतं आणि असं झाड फाइलमध्ये साठवलं की तो सीन. खेळाडू हा सीन, शत्रू हा सीन, लेव्हल हाही सीन. खेळ चालू असताना या सगळ्यांचं मिळून एक मोठं झाड असतं. त्याला सीन ट्री म्हणतात. त्याच्या मुळाशी ‘रूट’ नावाची खिडकी असते आणि त्या रूटखाली चालू सीन लटकलेला असतो. सीन बदलण्याची आज्ञा दिली की चालू सीन रूटपासून सुटा होतो आणि नष्ट होतो. त्यातले सगळे नोड, त्यांच्यावरच्या स्क्रिप्ट आणि त्या स्क्रिप्टांतली सगळी व्हेरिएबल त्याच्याबरोबर जातात. नाण्यांचा आकडा खेळाडूच्या स्क्रिप्टमध्ये होता, खेळाडू लेव्हलच्या सीनमध्ये होता, म्हणून आकडाही गेला. नव्या लेव्हलमध्ये नवा खेळाडू जन्मला आणि त्याचा आकडा शून्यापासून सुरू झाला.

हे वागणं मला अतिशय योग्य वाटतं. जुनी लेव्हल पूर्णपणे गेली की मेमरी मोकळी होते, जुन्या शत्रूचा एखादा टायमर नव्या लेव्हलमध्ये अचानक वाजत नाही, प्रत्येक सीन कोऱ्या पाटीवर सुरू होतो. खेळातल्या बहुतेक गोष्टी अशा मरायलाच हव्यात. प्रश्न उरतो तो थोड्या गोष्टींचा, ज्या मरून चालत नाहीत.

नाटकात प्रवेश बदलतो, नेपथ्य उचललं जातं, पात्रं येतात-जातात. पण विंगेत उभा असलेला संगीत देणारा माणूस पहिल्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत तिथेच असतो. त्याला प्रत्येक प्रवेशाबरोबर आत-बाहेर केलं तर पार्श्वसंगीत दर वेळी तुटेल. ऑटोलोड केलेला नोड हा असा विंगेतला माणूस. तो चालू सीनचा भाग नसतो. तो त्याच्या शेजारी, थेट रूटखाली बसतो, त्यामुळे सीन बदलल्याचा त्याला धक्का लागत नाही.

नोंद करायची पद्धत सोपी आहे. प्रोजेक्ट सेटिंग्ज उघडायच्या. चारच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘ग्लोबल्स’ नावाचा टॅब आहे आणि त्यात ‘ऑटोलोड’; त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘ऑटोलोड’ हाच स्वतंत्र टॅब दिसतो. तिथे स्क्रिप्टची किंवा सीनची फाइल निवडायची, तिला नाव द्यायचं आणि यादीत जोडायची. इतकंच. पण मी प्रत्येक विद्यार्थ्याला याच्या पुढची एक पायरी चढायला सांगतो. प्रोजेक्टच्या फोल्डरमधली ‘प्रोजेक्ट डॉट गोडॉट’ ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा. ती साधी मजकुराची फाइल आहे. तिच्यात चौकटी कंसात ऑटोलोड असं शीर्षक आणि त्याखाली प्रत्येक नोंदीची एक ओळ सापडेल: आधी नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग अवतरणात फाइलचा पत्ता. आणि त्या पत्त्याच्या अगदी सुरुवातीला एक तारा.

या ताऱ्यात ऑटोलोडचं मर्म आहे. यादीत ‘ग्लोबल व्हेरिएबल’ नावाचा एक रकाना असतो, त्यातली टिकची खूण म्हणजे फाइलमधला हा तारा. तारा असेल तर त्या नोडचं नाव प्रोजेक्टमधल्या कुठल्याही जीडीस्क्रिप्टमध्ये थेट लिहिता येतं. तारा काढला तरी नोड जन्मतो, रूटखाली बसतो आणि खेळ संपेपर्यंत राहतो. फक्त त्याला हाक मारायची तर रूटपासूनचा पूर्ण मार्ग द्यावा लागतो. म्हणजे या एका नोंदीतून आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक आयुष्य, खेळभराचं. दुसरी सर्वत्र चालणारी ओळख. इंजिन बनवणाऱ्यांनी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. आपण मात्र त्या एकच समजतो, आणि बहुतेक वेळा दुसरीच्या मोहाने पहिली पदरात घेतो. एखाद्या फंक्शनला कुठूनही हाक मारता यावी एवढ्या सोयीसाठी आख्खा नोड खेळभर जिवंत ठेवला जातो.

खेळ सुरू होताना आत काय घडतं तेही पाहण्यासारखं आहे. इंजिन या यादीवरून दोन फेऱ्या मारतं. पहिल्या फेरीत नुसती नावं जाहीर होतात, म्हणजे एका स्क्रिप्टमध्ये दुसरीचं नाव आलं तर ते अनोळखी ठरत नाही. दुसऱ्या फेरीत प्रत्यक्ष फाइली उघडल्या जातात. नोंद सीनची असेल तर त्या सीनची प्रत तयार होते. नोंद स्क्रिप्टची असेल तर ती नोड या वर्गापासून निघालेली आहे ना हे तपासलं जातं, मग एक नोड तयार करून त्यावर ती स्क्रिप्ट चढवली जाते. स्क्रिप्ट नोडपासून निघालेली नसेल तर इंजिन चूक दाखवतं आणि ती नोंद सोडून देतं. हे सगळे नोड रूटखाली जोडले जातात आणि त्यांच्यानंतर खेळाचा मुख्य सीन येतो. म्हणून मुख्य सीनच्या ‘रेडी’ फंक्शनमध्ये ऑटोलोडवर निर्धास्तपणे विसंबता येतं. म्हणूनच रूटच्या मुलांमध्ये चालू सीन नेहमी शेवटचा सापडतो.

ऑटोलोड एकमेकांवर विसंबले की मात्र क्रम मोजावा लागतो. यादीत जो वर, तो आधी. समजा आवाज सांभाळणारा ऑटोलोड वर आहे आणि डिस्कवरच्या सेटिंग वाचणारा खाली. आवाजवाल्याचं ‘रेडी’ आधी चालतं, तो सेटिंगवाल्याला विचारतो ‘पातळी किती ठेवू?’, पण सेटिंगवाल्याने अजून फाइलच उघडलेली नाही. उत्तर मिळतं, पण ते स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं मूळ मूल्य असतं. कुठे लाल अक्षरं येत नाहीत, खेळ बंद पडत नाही. फक्त खेळाडूने काल कमी केलेला आवाज आज पुन्हा मोठा येतो. असा दोष शोधायला दिवस जातो. यादीतला क्रम बदलला की तो दूर होतो खरा, पण त्याहून टिकाऊ उपाय म्हणजे सेटिंगवाल्याने वाचन झाल्यावर सिग्नल द्यावा आणि आवाजवाल्याने तो ऐकावा. मग यादीत कोणी कोणाला वरखाली केलं तरी बिघडत नाही.

काही बारकावे इथेच उरकून घेतो. नाव देताना ते इंजिनाच्या एखाद्या वर्गाचं किंवा आपण ‘क्लास नेम’ने जाहीर केलेल्या वर्गाचं असू नये, संपादक तशी टक्कर होऊ देत नाही. सी-शार्पमध्ये लिहिणाऱ्यांना ताऱ्याचा थेट उपयोग नाही, त्यांनी रूटपासून मार्ग द्यावा किंवा वर्गात एक स्टॅटिक प्रॉपर्टी ठेवून ‘रेडी’मध्ये ती भरावी. संपादकाचे प्लगइन स्वतःचा ऑटोलोड आपोआप जोडू आणि काढू शकतात, म्हणून यादीत आपण न भरलेलं नाव दिसलं तर घाबरू नये. संपादकात एकटा सीन चालवून पाहिला तरी ऑटोलोड आधी जन्मतातच, त्यामुळे तिसरी लेव्हल थेट उघडूनही खेळ नीट चालतो. चाचणीसाठी ही मोठी सोय आहे. आणि चालू खेळात ऑटोलोडचा नोड ‘फ्री’ किंवा ‘क्यू फ्री’ने कधीही काढू नये. इंजिन कोसळतं, असा स्पष्ट इशारा अधिकृत दस्तऐवजांत दिलेला आहे.

ऑटोलोडला बोलताना सर्रास ‘सिंगलटन’ म्हटलं जातं. हा शब्द १९९४ साली एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडेस यांच्या डिझाइन पॅटर्न्सवरच्या पुस्तकाने प्रोग्रामरांच्या तोंडी रुळवला. त्या अर्थाच्या सिंगलटनमध्ये वर्गाची दुसरी प्रत होऊच नये अशी तजवीज असते. गोडॉट तशी तजवीज करत नाही. ऑटोलोड केलेली स्क्रिप्ट हवी तर दुसऱ्या नोडवरही चढवता येते, तोच सीन लेव्हलमध्ये पुन्हा ठेवता येतो. आणि तसं घडतंही: संगीताचा सीन ऑटोलोड केलेला असतो, तो चुकून लेव्हलमध्येही ओढून ठेवला जातो आणि दोन सुरावटी एकमेकींवर आदळतात. इंजिनाकडे स्वतःचे म्हणता येतील असे अस्सल सिंगलटन आहेत: इनपुट, ओएस, ऑडिओसर्व्हर, ट्रान्सलेशनसर्व्हर. ते सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेले, झाडाच्या बाहेर राहणारे. आपला ऑटोलोड त्यांच्यासारखाच नावाने हाक मारता येतो म्हणून त्यांच्या जातीचा वाटतो, पण तो झाडातला एक साधा नोड आहे. रॉबर्ट नायस्ट्रॉम यांच्या २०१४च्या ‘गेम प्रोग्रामिंग पॅटर्न्स’ या पुस्तकात सिंगलटनवर एक प्रकरण आहे आणि ते तो कसा टाळावा हे सांगण्यासाठीच लिहिलेलं आहे. खेळ बनवणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं.

मग टिकायला काय हवं? माझी कसोटी एकच आहे: सीन मेल्यानंतरही या गोष्टीला जगावं लागतं का? उत्तर ‘हो’ असेल तर ऑटोलोड. ‘नाही, पण सोयीचं पडतं’ असं असेल तर दुसरा रस्ता शोधायचा.

मराठी खेळ बनवणाऱ्यांच्या उपयोगाचं उदाहरण घेऊ. खेळाच्या पहिल्या पडद्यावर भाषा निवडायची आहे, मराठी की इंग्रजी. निवडलेली भाषा पुढच्या प्रत्येक सीनमध्ये तीच राहायला हवी आणि उद्या खेळ उघडल्यावरही तीच असायला हवी. चालू भाषा इंजिनाचा ट्रान्सलेशनसर्व्हर स्वतः लक्षात ठेवतो, सीन बदलल्याने ती जात नाही. पण निवड डिस्कवर लिहिणं, सुरुवातीला ती वाचून सर्व्हरला सांगणं, मेनूने विचारलं की उत्तर देणं हे काम कोणीतरी करायला हवं आणि ते पहिला सीन येण्याआधी व्हायला हवं. नाहीतर पहिला मेनू क्षणभर इंग्रजीत झळकतो. हे ऑटोलोडचं अस्सल काम आहे: सुरुवात मुख्य सीनच्या आधी, शेवट खेळाबरोबर, जबाबदारी एक. इथे एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. गोडॉटच्या तीनच्या मालिकेत देवनागरीतली जोडाक्षरं नीट जुळत नसत. अक्षरं सुटी पडत, वेलांट्या भलतीकडे जात. २०२३च्या मार्चमध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत मजकूर मांडणारी यंत्रणा नव्याने लिहिली गेली, तिने हार्फबझ आणि आयसीयू या लायब्रऱ्यांचा आधार घेतला आणि मराठी पडद्यावर मराठीसारखी दिसू लागली. मराठीत खेळ करायचा असेल तर चौथ्या आवृत्तीखाली उतरू नये.

पार्श्वसंगीत हे दुसरं उदाहरण, वर येऊन गेलेलंच. तिसरं जाळ्यावरच्या खेळांचं. गोडॉटमध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावरचं फंक्शन चालवायचं तर दोन्हीकडे तो नोड झाडात एकाच मार्गावर असावा लागतो. लेव्हलमधले नोड दोन्हीकडे एकाच वेळी हजर असतीलच असं नाही, कारण एकाचा संगणक हळू, दुसऱ्याचा जलद. रूटखालचा ऑटोलोड मात्र दोन्हीकडे सारख्याच ठिकाणी आणि सुरुवातीपासून असतो. खेळाडू जमवणारी लॉबी त्यामुळेच सहसा ऑटोलोडमध्ये लिहिली जाते आणि ते बरोबर आहे.

आता ज्या नाण्यांपासून सुरुवात झाली त्यांच्याकडे वळू, कारण तिथे प्रकरण दिसतं तितकं सरळ नाही. आकडा ऑटोलोडमध्ये ठेवला, तो लेव्हल बदलल्यावर टिकला, छान. पुढे खेळाडू मरतो. ‘पुन्हा खेळा’ हे बटण दाबलं की चालू सीन नव्याने चढवला जातो. लेव्हलमधली सगळी नाणी जागच्या जागी परत येतात, पण ऑटोलोडमधला आकडा मेलेला नाही. खेळाडू तीच नाणी पुन्हा उचलतो. तीन वेळा मेला की तिप्पट नाणी. सीनबरोबर सगळं आपोआप कोरं होत होतं. ती सोय आपण स्वतः काढून टाकली, तेव्हा कोरं करण्याची जबाबदारीही आता आपली. लेव्हल सुरू होताना आकडा किती होता हे वेगळं लक्षात ठेवायचं, मरण आलं की तिथे परत जायचं, लेव्हल पुरी झाली की नवा आकडा पक्का करायचा, मुख्य मेनूवर गेलं की सगळं शून्य. हे सगळं कोणीतरी लिहायला लागतं. ऑटोलोडची खरी किंमत ही आहे. ज्या गोष्टीला खेळभराचं आयुष्य दिलं तिच्या प्रत्येक टप्प्याचा हिशेब आपल्याला ठेवावा लागतो.

तो हिशेब ठेवता यावा यासाठी ऑटोलोडमधलं व्हेरिएबल कोणीही बाहेरून थेट बदलू नये, असं माझं ठाम मत आहे. नाणं स्वतः आकडा वाढवतं, दुकान कमी करतं, शत्रू लुटतो, बोनसची लेव्हल दुप्पट करते; आणि एके दिवशी आकडा उणे सात दिसतो. कोणी केला? सगळा प्रोजेक्ट धुंडाळावा लागतो. त्याऐवजी ऑटोलोडमध्ये ‘नाणी वाढव’ आणि ‘नाणी खर्च कर’ अशी दोनच फंक्शनं असतील आणि आकडा बदलला की एक सिग्नल जाईल, तर संशयित दोन राहतात. कोपऱ्यातला आकडा दाखवणारा लेबलही दर क्षणाला विचारत बसत नाही, सिग्नल आला की स्वतःला बदलतो. जीडीस्क्रिप्ट खासगी व्हेरिएबलची सक्ती करत नाही, ही शिस्त आपणच पाळायची. नावाआधी अधोरेखा लावायची पद्धत आहे, तिचा मान ठेवावा.

काय टिकू नये याचं अधिकृत दस्तऐवजांतलं उदाहरण आवाजाचंच आहे आणि ते उत्तम आहे. नाणं उचललं की आवाज येतो, पण तो वाजत असतानाच त्याच नोडवर पुढच्या नाण्याचा आवाज सुरू केला की पहिला मध्येच तुटतो. नवशिका सगळे आवाज एका ऑटोलोडकडे देतो. त्यात आवाज वाजवणारे ठरावीक नोड असतात. ते कमी पडले तर आवाज गळतात, जास्त ठेवले तर मेमरी फुकट जाते. शिवाय कुठल्याही आवाजात बिघाड झाला की संशय सगळ्या प्रोजेक्टवर. त्यापेक्षा लेव्हलच्या सीनमध्येच आवाज वाजवणारे नोड ठेवले तर प्रत्येक सीन आपल्या आवाजांपुरता जबाबदार राहतो.

तसंच मदतनीस फंक्शनांचं. दोन तारखांमधलं अंतर काढणारं, आकड्यात स्वल्पविराम घालणारं फंक्शन कसलीही आठवण ठेवत नाही. त्याला नोड कशाला हवा? तीनच्या मालिकेत ३.१पासून ‘क्लास नेम’ आलं. स्क्रिप्टला वर्गाचं नाव देऊन स्टॅटिक फंक्शन लिहिलं की ते कुठूनही मिळतं, नोंद न करता. ४.१पासून स्टॅटिक व्हेरिएबलही आली. शस्त्रांची, पात्रांची, किमतींची माहिती असेल तर ती रिसोर्स फाइलींत ठेवावी; ज्याला लागेल तो सीन ती उघडेल. सर्वत्र ओळख मिळवण्याचे हे सारे मार्ग आहेत आणि त्यातल्या कुठल्याही मार्गाने झाडात एक नोडही वाढत नाही.

चालू खेळाडूचा नोड ऑटोलोडमध्ये साठवून ठेवायची सवय तर मोडूनच काढायला हवी. सीन बदलतो, खेळाडू नष्ट होतो, ऑटोलोडच्या हातात त्याची रिकामी दोरी उरते. पुढे कोणी तिला हात लावला की ‘हा घटक आधीच मुक्त झाला आहे’ अशा अर्थाची चूक येते. घटक जिवंत आहे का हे तपासून मग वापरता येतं, पण असं जागोजाग तपासायची वेळ आली म्हणजे ज्याचं आयुष्य लहान त्याला ज्याचं मोठं त्याच्या हाती दिलं, हे समजावं. खेळाडूने ग्रुपमध्ये नाव घालावं आणि लागेल तेव्हा त्या ग्रुपमधून शोधावं, हे कितीतरी स्वच्छ.

सिग्नलांचा बस म्हणून ओळखला जाणारा एक प्रकार अलीकडे फार लोकप्रिय आहे: एका ऑटोलोडमध्ये फक्त सिग्नल, कोणीही सोडावा, कोणीही ऐकावा. मी त्याचा विरोधक नाही. दूरच्या दोन सीनना एकमेकांची ओळख न करून देता बोलतं करायला तो फार कामाचा आहे. पण बाप-लेकाच्या नात्यातले नोडही त्याच बसमधून बोलू लागले की कोण कोणाशी बोलतं हे झाड पाहून कळेनासं होतं. जवळच्याशी थेट, दूरच्याशी बसमधून, असा भेद ठेवावा.

२०२३च्या सप्टेंबरात युनिटीने दर इन्स्टॉलमागे शुल्क लावण्याची घोषणा केली आणि तिथून बरीच मंडळी गोडॉटकडे वळली. पुढच्या वर्षी युनिटीने ते शुल्क मागे घेतलं, पण आलेले अनेक जण राहिले. त्यांच्या हाताला ‘डोंट डिस्ट्रॉय ऑन लोड’ची सवय असते: एखाद्या वस्तूला चालू खेळात सांगायचं की तू नष्ट होऊ नकोस, आणि मग तिची दुसरी प्रत आली तर ती आपणच मारायची. गोडॉटमध्ये तसं करायची गरज नाही. इथे टिकणाऱ्या गोष्टी खेळ सुरू होण्याआधीच यादीत नोंदलेल्या असतात आणि ती यादी एका फाइलीत उघडी असते. मला ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते, कारण प्रोजेक्ट हातात आल्याआल्या खेळभर कोण जगणार आहे हे कोणालाही वाचता येतं. चार जण मिळून काम करत असतील तर कोणी कधी कुठली नोंद वाढवली हेही गिटमध्ये दिसतं.

जाता जाता आवृत्त्यांविषयी एक इशारा. मराठी आणि हिंदी शिकवण्यांतल्या बऱ्याच ध्वनिचित्रफिती तीनच्या मालिकेवरच्या आहेत. तिथे सीन बदलायचं फंक्शन ‘चेंज सीन’ असं आहे, चौथ्या आवृत्तीत ते ‘चेंज सीन टू फाइल’ झालं. रूट तेव्हा व्ह्यूपोर्ट होता, आता विंडो आहे. ऑटोलोडची मूळ कल्पना मात्र बदललेली नाही, त्यामुळे जुनं शिकलेलं वाया जात नाही. या पुस्तिकेतली उदाहरणं चौथ्या आवृत्तीची आहेत.

पुस्तिका वाचायला सुरुवात करण्याआधी वाचकांना एक विनंती. स्वतःचा एखादा प्रोजेक्ट, अर्धवट असला तरी चालेल, समोर घ्या. त्याची ‘प्रोजेक्ट डॉट गोडॉट’ फाइल उघडून ऑटोलोडखालच्या ओळी कागदावर उतरवा आणि प्रत्येक नावासमोर दोन गोष्टी लिहा: सीन गेल्यावर हे का जगायला हवं आणि यातलं काय कधी कोरं व्हायला हवं. ज्या नावासमोर पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहिता येणार नाही, तिथे खूण करा आणि त्या खुणा घेऊन पहिल्या प्रकरणाकडे या.